चार पर्याय

कॅन्ससच्या या गावात वारा मुक्कामाला राहत नाही.
गुरांच्या कोंडवाड्यांवरून येतो,
शाळेची दारं-खिडक्या चाचपून बघतो
आणि ओक्लाहोमाकडे निघून जातो.
चेतनगुणोक्ती. एक गुण.

शनिवार, सकाळचे आठ, खोली एकशे चौदा.
हीटर खोकतोय.
दुरुस्तीच्या अर्जात मी तसंच लिहिलं होतं,
जिल्हा कार्यालयाने परत पाठवला :
कृपया बिघाड स्पष्ट शब्दांत नमूद करावा.

परीक्षा मंगळवारी.
माझ्यापुढे तीन मुलं, डोनटचं एक खोकं
आणि बावन्न कार्डं. त्यांचं रबरबँड
कालच तुटलं.

"उपमा," मी म्हणते.
युसेबिओ जांभई गिळतो. वय अठरा, परीक्षेची तिसरी खेप.
रात्रभर तो मांसाच्या कारखान्यात
उकळत्या पाण्याच्या नळीने यंत्रं धूत होता.
"हात लाकडासारखे झालेत."
शाब्बास. आता त्यातला 'सारखे' काढ.
"हात लाकूड झालेत."
बघ, जमलं की रूपक!
तो मूठ मिटून बघतो. पुरती मिटत नाही.
"मिस, हे रूपक नाही वाटत."
मी पुढचं कार्ड उचलते. जरा घाईनेच.

अतिशयोक्ती.
ट्रेंट उनरूचा हात वर : "आजोबा म्हणायचे,
आमच्या विहिरीला तळच नाही."
छान. अगदी पुस्तकातलं उदाहरण.
"एप्रिलमध्ये पंपातून वाळू आली.
मग आता ते वाक्य कशात बसतं?"
दैवदुर्विलासात, मी म्हणते.
"म्हणजे कार्ड एकोणीस," तो म्हणतो, आणि वहीत लिहून घेतो,
बाप बियाण्यांचा हिशोब लिहीत असेल
तशाच अक्षरात.

न्यालुआक खिडकीशी बसते.
प्रत्येक व्याख्या आधी स्वतःच्या भाषेत पुटपुटते,
मग इंग्रजीत, मग गप्प.
कार्ड छत्तीस : लेखकाचा हेतू.
अ, माहिती देणे. ब, मन वळवणे.
क, करमणूक करणे. ड, वर्णन करणे.

"बाबांनी छावणीतून पत्र पाठवलं होतं," ती म्हणते.
"पाऊस किती झाला ते होतं त्यात.
शेजारच्यांच्या गाईला वासरू झालं, तिने ते चाटलं नाही, हेही.
आणि शेवटी एकच ओळ : तुझी उंची कळव.
हे कशात येतं, मिस?"

कार्ड गुळगुळीत आहे, लॅमिनेट केलेलं.
मी ते उलटून बघते, जणू मागे पाचवा पर्याय असेल.
"परीक्षेत ते पत्र येणार नाही," मी म्हणते,
आणि म्हणताक्षणी
मला माझाच सूर ऐकू येतो.
सूर म्हणजे लेखकाचा विषयाकडे पाहण्याचा दृष्टिकोन.
कार्ड सदतीस.

"क लिही," युसेबिओ डोळे न उघडता म्हणतो,
"अडलं की क."
तिघंही हसतात. मीही. न्यालुआक सर्वांत उशिरा.

"मग कळवलीस का उंची?" ट्रेंट विचारतो.
"कळवली ना. भिंतीवर पेन्सिलने खूण करून, मोजून.
पण पत्र पोचेपर्यंत
मी दोन इंच वाढले होते."
"एकोणीस," ट्रेंट म्हणतो.
यावर कुणी वाद घालत नाही.

दहा वाजता युसेबिओ बाकावरच झोपलाय,
गालाखाली 'पूर्वसूचना'.
मी त्याला उठवत नाही. ते कार्ड त्याला येतं.
एक डोनट उरलाय. तो कोणी घ्यायचा
हे ज्याला त्याला माहीत आहे.

मध्येच हीटर बंद पडतो.
ट्रेंट उठतो, शेतावरच्या बुटाची टाच
त्याच्या बरगडीत नेमकी हाणतो.
धातू कण्हतो, थरथरतो, मग धूळ जळल्याचा वास.
"खोकला," न्यालुआक म्हणते, वहीतून मान वर न करता.
चेतनगुणोक्ती, मी म्हणते.
"नाही मिस," ती म्हणते. "हा खरंच आजारी आहे."

मी अर्जाचा कोरा कागद काढते.
बिघाड, स्पष्ट शब्दांत :
पेन उघडं. तीन मुलं. मंगळवार.
वारा पुन्हा एकदा खिडकी चाचपून बघतो.